लिनक्स कर्नेल अद्यतनानंतरचे ग्राफिक्स ड्रायव्हरचे बिघाड

लिनक्सवर आधारित संचालन प्रणालीचा कर्नेल नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर संगणकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्या कर्नेलशी जुळेनासा होतो, तेव्हा उद्भवणाऱ्या अडचणींना लिनक्स कर्नेल अद्यतनानंतरचे ग्राफिक्स ड्रायव्हरचे बिघाड असे म्हणता येईल. काळी पडलेली स्क्रीन, प्रवेशपृष्ठावरच अडकून राहणे, अक्षरे व चित्रे नेहमीपेक्षा मोठी दिसणे, दुसरा मॉनिटर न ओळखला जाणे ही त्यांची ठळक लक्षणे होत. अशा प्रसंगी संगणकाचे यंत्र सहसा बिघडलेले नसते आणि वापरकर्त्याच्या फाइलीही सुरक्षित असतात. बिघडलेला असतो तो कर्नेल आणि ड्रायव्हर यांचा मेळ. बहुतेक लिनक्स वितरणे आधीचा कर्नेल संगणकात राखून ठेवतात. त्यामुळे संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याची गरज क्वचितच पडते.

## पार्श्वभूमी

कर्नेल हा संचालन प्रणालीचा गाभा होय. प्रक्रियक, स्मृती, डिस्क, कळफलक, स्क्रीन अशा सर्व घटकांशी व्यवहार करण्याचे काम तो करतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे त्यास जीएनयू प्रकल्पाचा जीपीएल हा परवाना लागू झाला. आज डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट इत्यादी वितरणे हाच कर्नेल वापरतात.

विशिष्ट यंत्रघटकाची भाषा कर्नेलला समजावून देणाऱ्या भागास ड्रायव्हर म्हणतात. ग्राफिक्स ड्रायव्हरचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिला भाग कर्नेलच्या आत मोड्यूलच्या रूपाने चालतो. कार्डाची स्मृती वाटून देणे आणि स्क्रीनचे रेखांकन ठरवणे ही त्याची कामे. दुसरा भाग कर्नेलच्या बाहेर असतो. उपयोजनांनी सांगितलेली चित्रे कार्डाला समजतील अशा सूचनांत तो रूपांतरित करतो. मुक्त ड्रायव्हरांसाठी हे दुसरे काम मेसा नावाचा ग्रंथालयसंच करतो. कर्नेल अद्यतनानंतरचे बहुतेक बिघाड पहिल्या भागात, म्हणजे कर्नेल मोड्यूलमध्ये होतात.

पूर्वी स्क्रीनचे रेखांकन ठरवण्याचे काम कर्नेलबाहेरील कार्यक्रम करीत असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून इंटेल कार्डांसाठी हे काम कर्नेलकडे आले आणि पुढे इतर कार्डांनाही ती पद्धत लागू झाली. त्यामुळे संगणक सुरू होताना स्क्रीन लुकलुकणे थांबले. परंतु कर्नेल मोड्यूल चालू झाले नाही, तर स्क्रीनवर योग्य चित्र उमटणेही कठीण झाले.

## ड्रायव्हरचे प्रकार

अद्यतनानंतर अडचण येईल की नाही, हे बहुतांशी ड्रायव्हर कर्नेलच्या आत आहे की बाहेर यावर अवलंबून असते.

* इंटेल: आय-९१५ आणि अलीकडील एक्सई हे ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ स्रोतातच असतात. कर्नेल बदलला की तेही त्याच्यासोबत बदलतात.
* एएमडी: एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ मधील ४.२ या कर्नेलपासून मूळ स्रोतात आहे. जुन्या कार्डांसाठी रेडिऑन हा ड्रायव्हर आहे.
* एनव्हिडिया, मुक्त: नूवो हा स्वयंसेवकांनी उभारलेला ड्रायव्हर २०१० मधील २.६.३३ या कर्नेलपासून त्यात समाविष्ट आहे.
* एनव्हिडिया, कंपनीचा: हा कर्नेलच्या बाहेरचा ड्रायव्हर असून प्रत्येक कर्नेलसाठी त्याचे मोड्यूल स्वतंत्रपणे तयार करावे लागते. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या कर्नेल मोड्यूलचा स्रोत खुला केला. तरीही ते मोड्यूल कर्नेलच्या मूळ स्रोतात नाही, त्यामुळे पुनर्बांधणीची गरज कायम राहते.

कर्नेलच्या आतील ड्रायव्हरही कधी कधी बिघडतात. नव्या आवृत्तीत शिरलेली चूक किंवा कार्डाला लागणाऱ्या फर्मवेअर फाइलींचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे आहेत. परंतु अद्यतनानंतर स्क्रीन काळी पडण्याचा विषय निघतो, तेव्हा चर्चा बहुधा एनव्हिडियाच्या कर्नेलबाह्य मोड्यूलची असते.

## बिघाडाची कारणे

### अंतर्गत रचनेतील बदल

उपयोजने आणि कर्नेल यांच्यामधील संवादाचे नियम लिनक्समध्ये कटाक्षाने स्थिर ठेवले जातात. वीस वर्षांपूर्वी बांधलेला एखादा कार्यक्रम आजच्या कर्नेलवरही चालू शकतो. मात्र कर्नेल आणि त्याची मोड्यूले यांच्यामधील अंतर्गत व्यवहाराला असे कोणतेही अभय नाही. कर्नेलचे विकासक अंतर्गत फंक्शनांची नावे, रचना आणि क्रम हवे तेव्हा बदलतात, आणि मूळ स्रोतातील सर्व ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करतात. बाहेरील ड्रायव्हर त्यांच्या हाती नसल्यामुळे तो दुरुस्त करण्याचे काम त्याच्या निर्मात्यावर पडते.

### परवान्याची मर्यादा

कर्नेलमधील काही फंक्शने केवळ जीपीएल परवान्याच्या मोड्यूलांनाच खुली असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.९ या कर्नेलमध्ये या नियमातील एक पळवाट बंद करण्यात आली. त्या वेळी एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर येईपर्यंत त्या कर्नेलवर जाऊ नये, असे आपल्या वापरकर्त्यांना कळवले होते.

याहून बोलके उदाहरण डेबियन १२.५ चे आहे. हे अद्यतन १० फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील ६.१.७६ या कर्नेलमध्ये स्मृतीविषयक एका लहान फंक्शनची दुरुस्ती झाली होती, आणि दुरुस्तीनंतर ते केवळ जीपीएल मोड्यूलांना खुल्या असलेल्या दुसऱ्या फंक्शनचा आधार घेऊ लागले. एनव्हिडियाचे मोड्यूल त्या पहिल्या फंक्शनवर अवलंबून असल्यामुळे त्याची बांधणीच होईना. स्थैर्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या वितरणात, नेहमीच्या सुरक्षाविषयक अद्यतनानंतर असे घडले. पुढे डेबियनने ड्रायव्हरची दुरुस्त आवृत्ती उपलब्ध करून दिली. तोपर्यंत आधीच्या कर्नेलवर परतलेले संगणक पूर्ववत चालत होते. जुना कर्नेल जपून ठेवण्याचे महत्त्व या प्रसंगातून स्पष्ट होते.

### इतर कारणे

* शीर्षफाइली नसणे: मोड्यूल बांधण्यासाठी त्याच आवृत्तीच्या कर्नेलच्या शीर्षफाइली, ज्यांना हेडर म्हणतात, संगणकात असाव्या लागतात. त्या आल्या नाहीत तर बांधणी सुरूच होत नाही.
* संकलकाची तफावत: कर्नेल ज्या संकलकाने बांधला, त्याहून जुना संकलक संगणकात असल्यास मोड्यूलची बांधणी अडू शकते. उबुंटू २२.०४ मध्ये ६.५ हा कर्नेल आला, तेव्हा तो बाराव्या आवृत्तीच्या जीसीसी संकलकाने बांधलेला होता. केवळ अकरावी आवृत्ती असलेल्या संगणकांवर बांधणी अयशस्वी होत असे.
* सिक्युअर बूट: हे संरक्षण चालू असताना मान्यताप्राप्त डिजिटल सही नसलेले मोड्यूल कर्नेल स्वीकारत नाही.
* अपुरी जागा: प्रारंभासाठी राखलेला बूट विभाग भरला असल्यास प्रारंभिक स्मृतिप्रतिमा, म्हणजे इनिट-रॅम-एफएस, अर्धवट राहते.
* खंडित वीज: अद्यतन चालू असताना वीज गेली, तर कर्नेल बसतो पण मोड्यूलची बांधणी राहून जाते.
* जुनी कार्डे: कंपनी काही वर्षांनी जुन्या कार्डांचा पाठिंबा थांबवते. फर्मी पिढीच्या कार्डांसाठी असलेल्या ३९० या ड्रायव्हरमालिकेचा पाठिंबा २०२२ अखेर संपला. त्यानंतरच्या कर्नेलांसाठी त्या मालिकेत कंपनीकडून दुरुस्त्या होत नाहीत.

## डीकेएमएस

प्रत्येक नव्या कर्नेलसाठी बाह्य मोड्यूल आपोआप पुन्हा बांधण्याची व्यवस्था डीकेएमएस या नावाने ओळखली जाते. ती डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास विकसित केली. नवा कर्नेल बसताच डीकेएमएस ड्रायव्हरचा स्रोत घेऊन त्या कर्नेलसाठी मोड्यूल बांधते आणि योग्य जागी ठेवते. फेडोरामध्ये हेच काम एक-मॉड्स ही व्यवस्था करते. तेथे बांधणी संगणक सुरू होताना होऊ शकते, त्यामुळे अद्यतनानंतरचा पहिला प्रारंभ काही मिनिटे लांबू शकतो. त्या वेळी घाईने वीज बंद केल्यास बिघाड ओढवतो. उबुंटू काही ड्रायव्हरांची आधीच बांधलेली व सही केलेली मोड्यूलेही पुरवते.

## निदान

निदानासाठी मजकूर कन्सोल उपयोगी पडतो. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास बहुतेक वितरणांत तो उघडतो. तो उघडत नसल्यास प्रारंभसूचीतील रिकव्हरी हा पर्याय निवडता येतो. पुढे दिलेल्या आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार लिहिली आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि सलग टंकाव्या लागतात.

१. यू-नेम ही आज्ञा आर या पर्यायासह दिल्यास सध्या चालू असलेला कर्नेल कोणता हे कळते.
२. एल-एस-पीसीआय ही आज्ञा के या पर्यायासह दिल्यास ग्राफिक्स कार्ड कोणते आहे आणि कोणता ड्रायव्हर ते हाताळत आहे हे दिसते.
३. डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा कोणत्या कर्नेलसाठी मोड्यूल बांधले गेले आहे याची यादी देते. चालू कर्नेलचे नाव त्या यादीत नसेल, तर कारण बहुधा तेथेच सापडते.
४. डी-मेसेज ही आज्ञा कर्नेलने नोंदवलेले संदेश दाखवते. बी आणि उणे एक या पर्यायांसह दिलेली जर्नल-सीटीएल ही आज्ञा मागील प्रारंभाच्या नोंदी दाखवते.
५. एमओके-यूटिल या आज्ञेने सिक्युअर बूट चालू आहे की बंद हे तपासता येते.

नोंदींमध्ये किल्ली नाकारल्याचा संदेश असेल, तर प्रश्न सहीचा असतो. मोड्यूल सापडले नाही असा संदेश असेल, तर बांधणी झालेली नसते. बांधणी सुरू होऊन अडली असेल, तर डीकेएमएसच्या निर्देशिकेतील मेक-लॉग या फाइलमध्ये चूक नेमकी कोठे झाली ते नोंदलेले असते. स्क्रीन दिसते पण सारे मंद चालते, आणि चित्रण करणाऱ्याच्या जागी एलएलव्हीएम-पाइप असे नाव दिसते, याचा अर्थ कार्ड वापरात नसून प्रक्रियकच चित्रे रेखाटत आहे.

## उपाय

### आधीच्या कर्नेलवर परतणे

हा पहिला आणि सर्वांत निर्धोक उपाय होय. संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबल्यास ग्रब ही प्रारंभसूची दिसते. तीतील प्रगत पर्यायांत संगणकात असलेल्या सर्व कर्नेलांची यादी असते. तिच्यातून आधीचा कर्नेल निवडल्यास त्याच्यासाठी पूर्वीच बांधलेले मोड्यूल वापरले जाते आणि स्क्रीन सहसा पूर्ववत होते. डेबियन व उबुंटू चालू कर्नेलासोबत आधीचा कर्नेल राखतात; फेडोरा मूळ मांडणीनुसार तीन कर्नेल ठेवते. या उपायाने वापरकर्त्याच्या कोणत्याही फाइलीला धक्का लागत नाही. मात्र कर्नेलची अद्यतने बहुधा सुरक्षेतील त्रुटी बुजवण्यासाठी असतात. त्यामुळे जुन्या कर्नेलवर कायम राहणे हिताचे नसते. दुरुस्तीसाठी मिळालेला अवधी एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

### अपुरे काम पूर्ण करणे

वीज गेल्यामुळे अद्यतन अर्धवट राहिले असल्यास डेबियन कुळातील वितरणांत डी-पॅकेज या साधनाच्या कॉन्फिगर या पर्यायाने उरलेली सर्व कामे पूर्ण करून घेता येतात. बूट विभाग भरलेला असल्यास अनावश्यक जुने कर्नेल काढावे लागतात. चालू कर्नेल आणि नीट चालत असलेला आधीचा कर्नेल मात्र काढू नये.

### मोड्यूलची पुनर्बांधणी

नव्या कर्नेलच्या शीर्षफाइली बसवून डीकेएमएसच्या ऑटो-इन्स्टॉल या आज्ञेने मोड्यूल पुन्हा बांधता येते. त्यानंतर प्रारंभिक स्मृतिप्रतिमा नव्याने तयार करावी लागते. ड्रायव्हरच नव्या कर्नेलला अनुरूप नसेल, तर पुनर्बांधणी कितीही वेळा केली तरी निष्फळ ठरते. अशा वेळी वितरणाच्या भांडारातून ड्रायव्हरची नवी आवृत्ती येण्याची वाट पाहणे हाच योग्य मार्ग असतो.

### सहीची नोंदणी

सिक्युअर बूट चालू असल्यास संगणकाच्या मालकाची किल्ली, म्हणजे एमओके, एकदा नोंदवावी लागते. त्यासाठी एक तात्पुरता परवलीचा शब्द ठरवला जातो आणि पुढच्या प्रारंभी निळ्या पडद्यावर तो विचारला जातो. तेथे इंग्रजी मांडणीचाच कळफलक चालतो. त्यामुळे परवलीचा शब्द साध्या रोमन अक्षरांत ठेवणे श्रेयस्कर असते. तो निळा पडदा न वाचता पुढे गेल्यास नोंदणी होत नाही आणि मोड्यूल पुन्हा नाकारले जाते.

### तात्पुरता प्रारंभ

कोणताही कर्नेल स्क्रीन दाखवीत नसल्यास ग्रबमध्ये कर्नेलच्या ओळीअखेर नो-मोड-सेट हा शब्द जोडता येतो. त्याने कर्नेल कार्डाचे रेखांकन स्वतः ठरवीत नाही आणि साध्या दर्जाचे चित्र मिळते. हा उपाय केवळ दुरुस्तीपुरता असतो.

### मुक्त ड्रायव्हरकडे वळणे

पाठिंबा संपलेल्या जुन्या एनव्हिडिया कार्डांसाठी कंपनीचा ड्रायव्हर काढून नूवो वापरणे हा टिकाऊ पर्याय असतो. त्रिमितीय खेळांसाठी त्याची गती अपुरी पडू शकते. लेखन, वाचन आणि अध्यापन यांसाठी तो सहसा पुरेसा ठरतो. कंपनीचा ड्रायव्हर काढताना नूवोला मज्जाव करणारी नोंदही काढावी लागते, अन्यथा दोन्ही ड्रायव्हर बंद राहतात.

## मजकूर कन्सोल आणि देवनागरी

मराठी वापरकर्त्यांसाठी या बिघाडाला आणखी एक पैलू आहे. देवनागरीतील जोडाक्षरे, मात्रा आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्याचे काम ग्राफिक्स प्रणालीतील अक्षररचनेची साधने आणि लोहितसारखे फॉन्ट करतात. कर्नेलच्या मजकूर कन्सोलमध्ये ही व्यवस्था नसते. तेथे एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि अक्षरांची जोडणी होत नाही. परिणामी ज्याने प्रणालीची भाषा मराठी ठेवली आहे, त्याला बिघाडाच्या वेळी कन्सोलवर चौकोन किंवा निरर्थक चिन्हे दिसू शकतात. म्हणजे संदेश वाचण्याची गरज सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच मराठी वाचता येत नाही. अशा वेळी लँग या चलाचे मूल्य सी असे ठेवल्यास संदेश इंग्रजीत व सुवाच्य येतात. ड्रायव्हर दुरुस्त झाल्यावर मराठी मांडणी जशीच्या तशी परत येते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनवर आधारित बॉस हे भारतीय वितरण विकसित केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. डेबियनवर आधारलेले असल्यामुळे डीकेएमएस, शीर्षफाइली आणि ग्रब यांविषयी वर दिलेली माहिती बॉसलाही लागू पडते. सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात एनव्हिडियाचे ए-१०० हे ग्राफिक्स प्रक्रियक असून नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. त्या यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात. तेथेही कर्नेल आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्यांचा मेळ राखावाच लागतो. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सविषयीचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.

मोठ्या केंद्रांत आवृत्त्या पारखून घेणारे तंत्रज्ञ असतात. गावच्या शाळेत ती सोय नसते. जालना जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षाची कल्पना केल्यास फरक लक्षात येतो. एकाच प्रकारच्या दहा संगणकांवर एकाच दिवशी कर्नेल अद्ययावत केला आणि ड्रायव्हर जुळला नाही, तर दहाही स्क्रीन एकदम बंद पडतात. प्रारंभसूचीतून आधीचा कर्नेल निवडता येतो हे कोणास ठाऊक नसेल, तर सर्व प्रणाल्या पुसून पुन्हा बसवल्या जातात आणि विद्यार्थ्यांचे काम त्यात नष्ट होते. एका कळीचे ज्ञान हे नुकसान टाळू शकते.

## प्रतिबंध

* ड्रायव्हर वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा. निर्मात्याच्या स्थळावरून उतरवलेल्या स्वतंत्र फाइलीने बसवलेल्या ड्रायव्हरची नोंद पॅकेज व्यवस्थापकाकडे नसते.
* शीर्षफाइलींचे सामायिक पॅकेज बसवावे, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नेलासोबत त्या आपोआप येतात.
* अद्यतनानंतर संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी डीकेएमएस स्टेटस पाहावे. नव्या कर्नेलसाठी मोड्यूल बांधले गेले नसल्यास ग्राफिक्स चालू असतानाच दुरुस्ती करणे सोपे जाते.
* अनेक संगणक असल्यास प्रथम एकावर अद्यतन करून तो पुन्हा सुरू करून पाहावा. मग इतरांवर करावे.
* नवा कर्नेल नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुना काढू नये.
* वीजपुरवठा अनिश्चित असलेल्या ठिकाणी अद्यतन करताना यूपीएस जोडलेला असावा किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी.
* महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. ड्रायव्हरच्या बिघाडाने फाइली जात नाहीत; घाईने केलेल्या पुनःस्थापनेत त्या जाऊ शकतात.